स्थलांतर आणि विद्यापीठाचा खर्च

प्रश्न : 16 वर्षांचा मुलगा आणि 11 वर्षांची मुलगी यांच्यासह परदेशी स्थायिक व्हावे, असे मनात आहे. विद्यापीठाचा खर्च झेपेल का?

उत्तर : देश निवडण्याआधी मुलाचे वय पाहा. इंग्लंडमध्ये स्थानिक दराने शुल्क लागण्यासाठी साधारणपणे कायम वास्तव्याचा हक्क आणि अभ्यासक्रमापूर्वी सलग तीन वर्षांचे वास्तव्य, अशा दोन्ही अटी असतात. म्हणजे आज निघालात तरी मुलाला बहुधा परदेशी विद्यार्थ्याचे, बरेच चढे शुल्क पडेल, मुलीला मात्र अधिक अवधी आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र 1,500 युरो घेते), परंतु पदवीचे वर्ग बव्हंशी जर्मनमध्येच भरतात. राहण्याजेवण्याचा खर्च तर कुठेच सुटत नाही. मुलाची पदवी सध्याच्याच देशात होऊ द्यावी, असे मला वाटते.