राउटरला बाहेरून अँटेना जोडला तर मोबाइल डेटाचा स्पीड वाढेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर वस्तीच्या कडेला आहे, फायबर तिथवर आलेली नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत. सिम टाकलेला फोर-जी राउटर खिडकीत ठेवलाय, रेंज दोन काड्या. दिवसा कसंबसं चालतं, संध्याकाळी व्हिडिओ कॉल तुटतात. गच्चीवर अँटेना लावून दहा मीटर केबल खाली आणली तर फरक पडेल का, आणि टीव्हीची जुनी केबल त्यासाठी चालेल का?

फरक पडू शकतो, आणि चांगलाच पडू शकतो. माझ्या घरचं सगळं इंटरनेट गेली काही वर्षं असंच मोबाइल डेटावर चालतंय. पण दिवसा चालतं आणि संध्याकाळी तुटतं, हे तुम्ही लिहिलंत ते मला खटकलं. म्हणून अँटेनाची खरेदी जरा बाजूला ठेवा आणि आधी दुखणं नेमकं काय आहे ते बघू.

सूर्य मावळला म्हणून रेंज कमी होत नाही. टॉवर तोच, अंतर तेच, भिंती त्याच. संध्याकाळी वाढतात ती नेट वापरणारी माणसं. टॉवरच्या एका सेक्टरची (एका दिशेकडे तोंड असलेल्या भागाची) जी क्षमता असते ती त्या क्षणी जोडलेल्या सगळ्यांत वाटली जाते. २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या फोर-जी कॅरिअरवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, साध्या दोन-अँटेनांच्या जोडणीत कागदोपत्री १५० एमबीपीएस मिळतात, पण ते अख्ख्या सेक्टरचे. तेव्हा एकदा पहाटे आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास स्पीड टेस्ट करा, आणि दोन्ही वेळी राउटरच्या सेटिंगच्या पानावरचे सिग्नलचे आकडे लिहून ठेवा. आकडे जवळपास सारखे आणि स्पीडमध्ये मात्र कितीतरी पटींचा फरक निघाला, तर तुमची अडचण मुख्यतः गर्दीची आहे. अँटेना गर्दी हटवू शकत नाही. तरीही तो अगदीच निरुपयोगी ठरत नाही: सिग्नल स्वच्छ असला की टॉवर तुमच्या वाट्याच्या तेवढ्याच वेळात जास्त डेटा पाठवू शकतो, आणि दिशा बदलून एखादा कमी गर्दीचा टॉवरही गाठता येतो.

आता आकडे कोणते बघायचे ते. काड्या विसरा. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. राउटरच्या पानावर (बहुतेकदा १९२.१६८.१.१ किंवा राउटरखाली चिकटवलेला पत्ता) 'सिग्नल' किंवा 'डिव्हाइस इन्फॉर्मेशन' अशा नावाखाली आरएसआरपी आणि एसआयएनआर सापडतील. आरएसआरपी म्हणजे टॉवरकडून किती ताकदीचा सिग्नल पोचतोय. उणे ८० डीबीएम म्हणजे उत्तम, उणे १०० म्हणजे चालण्यासारखं, उणे ११० च्या पुढे रडतखडत, आणि उणे १२० च्या आसपास जोडणी तुटायला लागते. हे डेसिबलचं गणित आहे हे लक्षात असू द्या: ३ डीबी म्हणजे ताकद दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट. उणे ११० वरून उणे १०० वर येणं ही मोठी मजल आहे.

पण मी आधी बघतो तो एसआयएनआर. आलेला सिग्नल आसपासच्या गोंगाटापेक्षा, म्हणजे दुसऱ्या टॉवरांच्या आणि इतर ढवळाढवळीपेक्षा, किती वर आहे ते तो सांगतो. २० च्या वर असेल तर झकास, १० च्या आसपास काम भागतं, शून्य म्हणजे सिग्नल आणि गोंगाट सारखेच. भर गर्दीत समोरचा कितीही मोठ्यानं बोलला तरी बाकीचेही तितकंच ओरडत असतील तर काही कळत नाही, तसं. आरएसआरपी उणे ८५ आणि एसआयएनआर २ अशी घरं असतात. काड्या भरलेल्या आणि स्पीड मात्र रडका. तिथे जास्त ताकदीचा नाही, तर एका दिशेला 'बघणारा' आणि बाकीच्या दिशा झाकणारा अँटेना लागतो.

यानंतरची चाचणी फुकट आहे. राउटर उचलून एक्स्टेन्शन बोर्डासकट गच्चीवर न्या आणि तेच आकडे परत बघा. भिंती आणि स्लॅब मिळून १० ते २० डीबी सहज खातात. पत्र्याचं छप्पर किंवा धातूचा पातळ थर दिलेली काच असेल तर त्याहूनही जास्त. नुसता राउटर वर नेल्यावर स्पीड दुप्पट-तिप्पट झाला, तर अँटेनानं काय साधेल याचा अंदाज तुम्हाला एक पैसाही न घालवता आला. वर असतानाच फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून तपासा. पुष्कळदा सगळ्यात स्वस्त उपाय हाच निघतो आणि लोक तो सगळ्यात शेवटी करून बघतात.

आता केबल. या उद्योगात पैसे वाया जातात ते बहुतेक इथे. अँटेनाच्या खोक्यावर १० डीबीआय (अँटेना सिग्नल किती डीबीनं वाढवतो तो आकडा) लिहिलेलं असतं, आणि सोबत दहा मीटर बारीक काळी केबल फुकट मिळते. ती केबल आरजी-५८ सारखी असेल तर १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण ०.७ डीबी गिळते. म्हणजे दहा मीटरमध्ये सात गेले. दहातून सात वजा केल्यावर उरले तीन, आणि राउटरमधले आतले अँटेनासुद्धा अगदी शून्य नसतात. एलएमआर-४०० सारखी जाड केबल तेवढ्याच अंतरात जेमतेम दोन डीबी खाते, पण ती बोटाएवढी जाड, वळवायला आडमुठी, आणि खिडकीच्या फटीतून नेणं कटकटीचं. तुम्ही विचारलेल्या टीव्हीच्या केबलची गंमत अशी की ती वाटते तेवढी वाईट नाही. ती ७५ ओहमची आणि राउटर ५० ओहमचा (हे विद्युत माप दोन्हीकडे सारखं असलेलं बरं), म्हणून अनेकजण तिला मोडीत काढतात. पण त्या विजोड जोडणीमुळे एका टोकाला ०.२ डीबीही जात नाहीत, आणि चांगली आरजी-६ केबल बारीक आरजी-५८ पेक्षा कमीच सिग्नल खाते. अडचण आहे ती 'जुनी' असण्याची. उन्हापावसात राहिलेल्या केबलच्या जाळीला गंज चढतो, आत पाणी शिरतं. शिवाय टीव्हीच्या केबलची पिनं राउटरला बसत नाहीत. मध्ये जोडपिना लावाव्या लागतात, आणि प्रत्येक जोड म्हणजे थोडं नुकसान आणि पाणी शिरायला एक नवी जागा.

माझा सल्ला विचाराल तर केबलच टाळा. राउटरच वर न्या. बाहेर लावायचे फोर-जी किंवा फाइव्ह-जी राउटर मिळतात: अँटेना आणि मॉडेम एकाच पाणी न शिरणाऱ्या डब्यात, खाली येते ती फक्त नेटवर्कची केबल, आणि तिच्यातूनच वीज वर जाते. याला पीओई म्हणतात. नेटवर्क केबलमध्ये डेटा अंकांच्या रूपात येतो, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत अंतर असलं तरी सिग्नलचं काही बिघडत नाही. खाली घरात एक साधा वायफाय राउटर लावला की झालं. माझ्याकडे हीच मांडणी आहे. घरातला राउटर प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून गच्चीवर ठेवण्याची युक्ती मात्र करू नका. उन्हात त्या डब्याची भट्टी होते.

आहे तोच राउटर ठेवायचा असेल तर त्याच्या मागे डोकवा. काळ्या दांड्या दिसतात म्हणून त्या मोबाइल सिग्नलच्याच असतील असं नाही. कित्येक राउटरांत त्या फक्त वायफायच्या असतात आणि मोबाइलचे अँटेना आत पक्के बसवलेले. बाहेरच्या अँटेनासाठी वेगळी छिद्रं असतात, बहुधा एसएमए किंवा चिमुकली टीएस-९ जातीची. टीएस-९ फार नाजूक, तिच्यावर केबलचा भार पडू देऊ नका. छिद्रं दोन असतील तर अँटेनाही दोन हवेत. फोर-जी एकाच वेळी दोन वाटांनी डेटा पाठवतं, आणि एकच अँटेना जोडलात तर दुसरी वाट बुजते. सिग्नलची ताकद वाढलेली दिसते आणि स्पीड मात्र जागच्या जागी. दोन लांबट अँटेना घेतलेत तर एक ४५ अंश डावीकडे आणि दुसरा ४५ अंश उजवीकडे कलता लावा, म्हणजे दोघांत काटकोन राहील. चपट्या पॅनेल अँटेनात ही सोय आतच केलेली असते आणि केबली दोन निघतात.

अँटेना घेताना तुमचा राउटर कुठल्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालतोय तेही बघा. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे बँड लांब पोचतात, भिंतींतून शिरतात, पण रुंदीला कमी असल्यानं स्पीड बेताचा. १८०० ते २६०० मध्ये रुंदी जास्त असते, म्हणून स्पीडही जास्त. फाइव्ह-जीचा ३३०० ते ३८०० चा पट्टा हवा असेल तर अँटेना तिथपर्यंत चालतो असं स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

अँटेनाचा नेम धरायचं काम दोघांचं. एकजण गच्चीवर अँटेना फिरवतो, दुसरा राउटरच्या पानावरचे आकडे मोठ्यानं वाचतो. दहा-पंधरा अंश फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा, कारण पानावरचा आकडा मागून येतो. घाईनं फिरवत राहिलात तर आधीच्या दिशेचा आकडा आत्ताच्या दिशेला चिकटवाल. प्रत्येक वेळी एसआयएनआर आणि सोबत सेल आयडी लिहा. फोर-जीत हा सेल आयडी २५६ नं भागला की येणारा पूर्णांक टॉवरचा क्रमांक आणि बाकी उरते ती सेक्टरची ओळख. मधेच क्रमांक बदलला तर राउटरनं टॉवर बदलला, आणि तुमची तुलनाच चुकली. सर्वात जवळचा टॉवरच सर्वात चांगला निघेल असं गृहीत धरू नका. मध्ये टेकाड किंवा दाट झाडी असेल तर लांबचा, पण मोकळा दिसणारा टॉवर बाजी मारतो. टॉवर नुसता डोळ्यांना दिसून भागत नाही. चार किलोमीटरवरच्या टॉवरसाठी १८०० मेगाहर्ट्झला निम्म्या वाटेवर त्या सरळ रेषेभोवती सुमारे तेरा मीटर त्रिज्येचा पट्टा असतो, आणि त्या त्रिज्येच्या निदान साठ टक्क्यांपर्यंत मोकळं लागतं. म्हणून कधीकधी नवा अँटेना घेण्यापेक्षा आहे त्याचा खांब दोन मीटर उंच केल्यानं जास्त साधतं.

शेवटी स्पीड टेस्ट करताना अपलोड बघायला विसरू नका. तुमचे व्हिडिओ कॉल बहुधा तिथेच अडत असावेत. टॉवर दहा-वीस वॉट किंवा त्याहून जास्त ताकदीनं बोलतो, राउटर मात्र जास्तीत जास्त ०.२ वॉटनं. म्हणजे टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला येत नाही. अँटेनाचा फायदा दोन्ही बाजूंनी होतो, आणि दुबळ्या रेंजच्या घरांत तो अपलोडला आधी जाणवतो.

'सिग्नल बूस्टर' म्हणून जे विकतात त्याच्या वाटेला जाऊ नका. अनेक देशांत तो परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि तो सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो, शेजाऱ्यांचीही रेंज बिघडवतो.

खांबाला अर्थिंग द्या आणि केबल घरात शिरते तिथे आकाशातल्या विजेपासून वाचवणारा अरेस्टर लावा. केबल आत घेण्याआधी खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकेल, भिंतीत शिरणार नाही. बाहेरच्या प्रत्येक जोडाला स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हानं सुटते.

आणखी एक, पुढेमागे घरातला कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर: मोबाइल नेटवर्कवर सहसा तुम्हाला स्वतःचा जाहीर आयपी पत्ता मिळत नाही, एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी राउटरनं थेट कॅमेऱ्याकडे पाठवणं) करून काही होणार नाही. कॅमेऱ्याच्या कंपनीची क्लाउड सोय किंवा व्हीपीएन वापरावा लागेल. व्हिडिओ कॉलना यानं काही अडत नाही.