व्हीआरवर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणारं आभासी जग) शिकायला सुरुवात करताय? आधी हे बघा
हेडसेट हातात आला की लगेच रोलरकोस्टर लावू नका प्लीज. आधी लेन्समधलं अंतर आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधल्या अंतराप्रमाणे सेट करा, मेटाच्या क्वेस्ट २ हेडसेटला ५८, ६३, ६८ मिमी असे तीन टप्पे आहेत, चुकलं की अक्षरं पुसट दिसतात आणि डोकं धरतं. सुरुवातीला १०-१५ मिनिटंच, आणि फिरायला टेलिपोर्ट (सरकत न जाता निवडलेल्या जागी थेट उडी) ठेवा, कारण डोळे म्हणतात आपण चाललोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो जागेवरच आहोत, मळमळ तिथूनच येते.

बाकी जिथे खरी चूक महागात पडते ना, आग विझवणं, वेल्डिंग, तिथेच व्हीआर खरं भारी! वेल्डिंगच्या सिम्युलेटरमध्ये टॉर्चचा कोन, हाताचा स्पीड लगेच दिसतो, मला हे फार आवडतं, पण धातूची धग त्यात कळत नाही, त्यामुळे खऱ्या मशीनवरचा सराव सोडू नका.