श्वास 18 लिहिण्याआधी

प्रिय बाय,

नेमणुकीच्या ऑर्डरचा फोटो मिळाला. तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मागे कातळ, पुढे खाडी. क्षणभर वाटलं, माझ्याच जुन्या वॉर्डात पाठवलंय तुला. रुजू होण्याआधी काय वाचून जाऊ, असं विचारलंस. जीएनएमची, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाची, तीन वर्षं पुस्तकंच वाचलीस ना, मग आता आणखी कशाला? त्यापेक्षा पहिल्या दिवशी एक काम कर. वॉर्डातले सगळे टीपीआर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचे, चार्ट काढ आणि नुसता श्वासाचा रकाना वाचत जा. 18, 18, 20, 18. न्यूमोनियाच्या म्हातारीला 18 आणि हर्नियाचं ऑपरेशन झालेल्या तरण्या पोरालाही 18. देवाने सगळ्यांना एकाच मापाचा भाता बसवून पाठवलंय जसं काही.

हे 18 कुठून येतात ते मला चांगलं माहीत आहे, कारण मीही ते लिहिलेत.

लावणीचे दिवस होते. चाळिशीतला शेतकरी, चार दिवसांचा ताप, डोळे लालभडक, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देईना. आपल्याकडे पावसात असा माणूस आला की लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, विचार आधी करायचा. उंदराच्या मुतातले जंतू शेताच्या पाण्यात असतात आणि अनवाणी पायाच्या भेगांतून आत जातात. डॉक्टरांनीही तेच धरून औषध सुरू केलं होतं. संध्याकाळी मी ताप घेतला, नाडी मोजली, बीपी बघितलं, श्वासाच्या रकान्यात 18 लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. बावीस पेशंट होते आणि मी एकटी होते. हे खरं असलं तरी सबबच. रात्री ओव्हर घ्यायला, म्हणजे माझ्याकडून वॉर्डाचा ताबा घ्यायला, आलेली सिस्टर त्याच्या खाटेपाशी काही न बोलता मिनिटभर उभी राहिली आणि म्हणाली, "34." तासाभरात त्याला गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवला. वाटेतच खोकल्यातून रक्त यायला लागलं, असं बरोबर गेलेल्या ब्रदरने, म्हणजे पुरुष नर्सने, सांगितलं. लेप्टो फुप्फुसात उतरला की असंच होतं. तो वाचला, पण त्यात माझा काही वाटा नाही. माझ्या अक्षरातला तो 18 मात्र केसपेपरबरोबर गोव्यापर्यंत गेला.

म्हणून सांगते, जे मोजलं नाहीस ते लिहू नकोस. जमलंच नाही तर रकाना रिकामा ठेव. बोलणी बसतील, बसू देत. रिकामा रकाना बघून पुढची सिस्टर निदान मोजेल तरी. 18 बघून ती कशाला मोजेल?

श्वास पूर्ण मिनिट मोजायचा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की एका श्वासाची चूक चारची होते. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेव आणि डोळे छातीकडे ने. श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचा 12 ते 20 ठीक. 25 च्या वर गेला तर डॉक्टरांना उठव, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. मुलांचा हिशोब वेगळा: दोन महिन्यांखालच्या बाळाला 60, वर्षाच्या आतल्याला 50 आणि पाच वर्षांपर्यंतच्याला 40 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. बीपी उतरेपर्यंत वाट बघत बसू नकोस. शरीर बीपी शेवटपर्यंत धरून ठेवतं, श्वास आणि नाडी आधी बोलतात. लेप्टोवाल्याची लघवीसुद्धा डब्यात धरून मोज, "होतेय म्हणतात" यावर जाऊ नकोस. चोवीस तासांत 400 मिलीच्या खाली आली तर किडनी बसत चाललीय.

पेशंटच्या शब्दावर तर अजिबात जाऊ नकोस, विशेषतः गणपतीच्या तोंडावर. चतुर्थीच्या आदल्या दिवशी अख्खा वॉर्ड बरा होतो. "माका बरा वाटता, सिस्टर, घराक सोडा." अंगात ताप असलेला माणूस थर्मामीटर काखेत नुसता टेकवून धरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नावाचंही तसंच. "तुम्ही पार्वती ना?" असं विचारलंस तर आपल्याकडची म्हातारी होयच म्हणते. निम्मं ऐकू आलेलं नसतं आणि सिस्टरला नाही कसं म्हणायचं! त्यात गावात निम्मी माणसं एकाच आडनावाची, बायकांचं एक नाव माहेरचं, एक सासरचं आणि आधार कार्डावर तिसरंच. तेव्हा "तुमचा नाव काय? घोवाचा नाव काय? गाव खयचा?" असं विचार, तिच्या तोंडून येऊ दे आणि केसपेपरशी ताडून बघ. खाट नंबरावर औषध देऊ नकोस. पंख्याखालची जागा मिळावी म्हणून पेशंट आपापसात खाटा बदलतात.

इन्सुलिनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ही चूक डोळ्यांदेखत होते आणि कोणाला दिसत नाही. सरकारी पुरवठ्यातली बाटली बहुधा 40 ची, म्हणजे एका मिलीत 40 युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची. पण मुंबईचा मुलगा गणपतीला येताना आईसाठी पेनमधलं कार्ट्रिज आणतो, ते 100 चं. पेन मुंबईलाच विसरलेलं असतं किंवा बिघडतं. मग कोणीतरी सरळ लाल टोपीच्या सिरिंजने त्यातून 20 च्या रेघेपर्यंत ओढतं. ती रेघ म्हणजे अर्धा मिली, आणि 100 च्या औषधाच्या अर्ध्या मिलीत 50 युनिट असतात. 20 च्या जागी 50. म्हातारी घामाघूम होऊन निपचित पडते आणि नातेवाइकांना वाटतं छान झोप लागली. आमच्याकडे एकदा हे अगदी होता होता राहिलं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का, हे बघितल्याशिवाय इन्सुलिन ओढायचं नाही आणि ओढल्यावर दुसऱ्या कोणाला तरी दाखवायचं. रात्री दुसरी सिस्टर नसेल तर डॉक्टरांना दाखव. हसले तर हसू देत.

सलाईनचा हिशोब तुला येतो, तरी एक लिहिते. 500 मिली चार तासांत द्यायचंय आणि सेटच्या पाकिटावर मिलीला 20 थेंब छापलंय, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. पाकीट फेकण्याआधी वाच. लहान मुलांच्या सेटला मिलीला 60 थेंब असतात. आणि थेंब लावून निघून जाऊ नकोस. पेशंट कुशीवर वळला की हात दुमडतो आणि तुझे 42 चे 10 होतात.

आता साप. तुझ्या दवाखान्यामागच्या त्या कातळात फुरसं नसेल तर मला आश्चर्य वाटेल. फुरशाचं विष रक्ताचं गोठणं बिघडवतं आणि ते ओळखण्याची आपली चाचणी गरिबाघरची आहे: काचेची नळी, दोन मिली रक्त आणि 20 मिनिटं. पण तीन गोष्टी पाळल्या नाहीत तर चाचणी फसवते. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही. ती नवी आणि कोरडी हवी. साबणाने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तसुद्धा पातळ राहू शकतं. आणि 20 मिनिटं तिला कोणी हात लावायचा नाही. आमचा एक ब्रदर नातेवाइकांच्या समाधानासाठी दर दोन मिनिटांनी नळी उजेडात धरून हलवून दाखवायचा. नळी स्टँडमध्ये ठेव, चिकटपट्टीवर वेळ लिहून तिच्यावर लाव आणि दाराबाहेरच्या वीस माणसांना सांग की अमुक वाजता सांगते. वेळ झाली की एकदाच तिरकी कर. रक्त न गोठता वाहिलं तर डॉक्टरांना हाक मार.

सर्पविषावरची लस सुरू करण्याआधी, तिची रिअॅक्शन आली तर द्यायचं अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी हवं, कपाटात नव्हे. पहिला अर्धा तास तू तिथेच बसायचंस. अंगाला खाज, गांधी, उलटी, घशाशी काही अडकल्यासारखं, यातलं काहीही दिसलं की थेंब बंद आणि डॉक्टर समोर. मूल असलं तरी लसीचा डोस कमी होत नाही. सापाने विष काही वजन बघून टोचलेलं नसतं. आणि पहाटे कोणी "पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात" म्हणत आलं, तर रात्री जमिनीवर झोपला होता का, हे विचार. मण्यारीची खूण नेहमी सापडतेच असं नाही. त्याची पापणी, मान आणि श्वास बघत राहा.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव तुला माहीत असेलच. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन गोळी त्यांनी वापरली आणि कोकणातली किती माणसं त्यामुळे जगली. मला मात्र गोळीइतकंच त्यांचं पेशंटजवळ बसून घाम, नाडी, बीपी टिपत राहणं मोठं वाटतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचंही तेच. 12 मे, तिचा वाढदिवस आणि आपला परिचारिका दिन, आला की आपण तिच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावतो, पण क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने जास्त सैनिक मेले, हे तिने आकडे मांडून सरकारच्या गळी उतरवलं, ते भाषणात कोणी सांगत नाही.

बाळंतपणानंतरचे पहिले दोन तास तुझे. बाळ रडलं, पेढे आले, सगळे बाळाभोवती जमतात आणि आई एकटी पडते. दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे ना ते बघ आणि नाडी मोज. चादर उचलून खाली बघ, कमरेखालीसुद्धा. रक्त तिकडे साचतं आणि वरून सगळं कोरडं दिसतं. "थोडं जातंय" असं लिहू नकोस. किती पॅड, किती वेळात, पूर्ण भिजलेले की अर्धे, ते लिही. फोनवर डॉक्टरांनाही तेच सांगायचं. "सिरियस वाटतेय" म्हटलं की ते विचारतात बीपी किती, आणि तू परत खाटेकडे धावतेस. आधी आकडे घे, मग फोन कर. त्यांनी तोंडी सांगितलेलं औषध आणि डोस त्यांना परत म्हणून दाखव, मग लिही. लाईन तुटते, पावसात तर हमखास.

हात धुण्याबद्दल काय लिहू? साबण-पाण्याने 40 ते 60 सेकंद, सॅनिटायझरने 20 ते 30, हे तुला पाठ आहे. मेमध्ये विहीर आटून नळाला पाणी येणार नाही, तेव्हा काय करायचं ते आत्ताच इन्चार्ज सिस्टरना विचारून ठेव. सुईला टोपी परत लावायची नाही. टोचलीच तर लपवू नकोस. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध पहिल्या दोन तासांत मिळालं तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही.

तुझ्या हातून चूक होईल. ती डॉक्टरांना त्याच मिनिटाला सांग, मग इन्चार्जना, मग रडायचं असेल तर चेंजिंग रूममध्ये जाऊन रड. क्रम बदलू नकोस. त्या 18 बद्दल मी कोणाला सांगितलं नव्हतं. रात्रीच्या सिस्टरला कळलं होतं आणि तीही बोलली नाही. पुढचे कित्येक महिने आम्ही दोघी एकमेकींना ओव्हर देताना खाली बघत होतो.

या पत्राबरोबर माझं घड्याळ पाठवतेय. सेकंदकाटा आहे. मोबाईलवर मोजायचं म्हटलं तर तो धुता येत नाही आणि मध्येच वाजतो. सेल नवा घातलाय. पट्टा मुद्दाम काढून टाकलाय, मनगटावर घातलंस तर हात कोपरापर्यंत धुता येणार नाहीत. मागे पिन लावून घेतलीय, ती खिशाला अडकव. दोन मिनिटं पुढे धावतं, तेवढं रुजू व्हायच्या दिवशी वॉर्डातल्या घड्याळाशी जुळवून घे.

तुझी
मावशी