वाचकांचे प्रश्न : धरणाची वीज ग्रीन म्हणायची का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत सोलर बसवायचंय, मीटिंगमध्ये विषय वीजनिर्मितीवर गेला. काका लोक म्हणतात पाण्याची वीज सगळ्यात स्वच्छ, पोरं म्हणतात धरणाने गावं बुडतात मग ती ग्रीन कशी? खरं काय?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : दादा, दोघांचंही बरोबर आहे. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा जाळावा लागतो, इगतपुरीकडच्या वैतरणेच्या ६० मेगावॅट केंद्रात तसलं काही नाही, पाणी खाली येतं, टर्बाइन फिरतं आणि तेच पाणी पुढे मुंबईला प्यायला जातं. सरकारी व्याख्येत आधी २५ मेगावॅटपर्यंतचेच प्रकल्प नवीकरणीय धरायचे, मार्च २०१९ पासून मोठेही धरतात. पण कागदावर नाव बदललं म्हणून कोयनेच्या विस्थापितांचं दुःख कमी होत नाही ना, त्यांचे पुनर्वसनाचे प्रश्न कित्येक दशकं रेंगाळले आणि ते बाजूला ठेवून नुसतं स्वच्छ स्वच्छ म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आता तुमच्या सोलरचं. सूर्य मावळला की सोलर बंद, आणि घराघरात लाइट लागतात तेव्हाच. तिथे भंडारदऱ्याजवळचं घाटघरचं पाण्यावरचं वीज केंद्र कामाला येतं, २५० मेगावॅटचं. मागणी कमी असताना पाणी वरच्या तलावात पंपाने चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. चढवायला जास्त वीज लागते, परत मिळते ती त्याहून कमी, पण हवी तेव्हा मिळते हे फार मोठं आहे. सोलर बसवाच, आणि पोरांना एकदा घाटघर दाखवून आणा.