शेंडा उडवू नका, आधी बुंध्यापाशी बसा

प्रश्न : काका, आम्ही बडोद्याला मकरपुऱ्याकडे जुन्या सोसायटीत राहतो. अंगणात सासऱ्यांनी लावलेला गुलमोहर आहे, पंचवीसेक वर्षांचा. परवाच्या वादळात गल्लीतलं एक झाड गाडीवर पडलं, तेव्हापासून घरचे मागे लागलेत की वरून अर्धा कापून टाका म्हणजे वारा लागणार नाही. माणूसही ठरलाय, रविवारी येतोय. कापू का?

उत्तर : ताई, त्या माणसाला आधी फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा. अगदी कळकळीने सांगतो, झाडाचं डोकं उडवलं की ते सुरक्षित होत नाही, दोन-तीन वर्षांत उलट जास्त धोक्याचं होतं. कापलेल्या ठोकळ्याच्या टोकाशी दहा-पंधरा फुटवे येतात, सरळसोट वाढतात, बघायला छान हिरवंगार दिसतं पण ते नुसते वरच्या थराला धरून असतात आणि खाली ठोकळा कुजत जातो. आमच्या शेजारी असाच एक गुलमोहर होता. तिसऱ्या पावसाळ्यात मांडीएवढा जाड फुटवा सालीची लांब पट्टी ओढत खाली आला, मी जाऊन बघितलं तर जिथून सुटला तो जोड जेमतेम तळहाताएवढा आणि आतलं लाकूड तपकिरी, बोटांनी चुरा होईल असं.

झाड मुळासकट पडतं ते बऱ्याचदा खालच्या कारणाने. मुळं झाडाच्या उंचीएवढी खोल जातात असं आपल्याला वाटतं, पण खरं म्हणजे बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि पसरतात मात्र फांद्यांच्या घेराच्याही बाहेर. आपण काय करतो, बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवतो, मग गॅसची लाइन, मग ड्रेनेज, प्रत्येक वेळी चर खणताना आडवं आलेलं मूळ कुऱ्हाडीने तोडतो आणि वर म्हणतो गुलमोहर कच्चंच झाड. आता त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि मुळं वरवर असतात हे खरं, म्हणून तर त्याची मुळं जास्तच जपायला हवीत.

तेव्हा रविवारी सकाळी बुंध्यापाशी बसा. एका बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसते का, बुडाशी भूछत्रं उगवलीत का, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ वाजतं का, आणि झाड आधीपासूनच कललेलं होतं की हल्ली कललंय? हल्लीच कललं असेल आणि माती उचललेली असेल तर वाट बघू नका, जाणकाराला दाखवा, खाली गाडी लावू नका, मुलांना खेळू देऊ नका. तसं काही नसेल तर बुंध्याभोवतीच्या फरश्या काढून जमेल तेवढं मोठं आळं करा, पण कुदळ नको, हाताने. त्यात पालापाचोळा पसरा, फक्त बुंध्याला टेकवू नका.

छाटणी करायचीच, पण निवडून. वाळलेल्या, मोडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी. मग बेचकं बघा, दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद कोनात चिकटून वाढल्या असतील आणि मध्ये साल दबलेली असेल तर वाऱ्यात ते तिथेच फाटतं, म्हणून त्यातली एक दरवर्षी थोडी आखूड करत न्या. सगळं मिळून एका वर्षात पाव भागापेक्षा जास्त हिरवं काढू नका. आणि आतली पानं साफ करून टोकाला तेवढा झुपका ठेवायची जी पद्धत आहे ना, ती तर नकोच, सगळं वजन टोकाला जातं.

जाड फांदी एका घावात कापू नका. जोडापासून फूटभर दूर आधी खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे, टोकाच्या बाजूला, वरून, वजन खाली आलं की उरलेला खुंट जोडापाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून काढा. ती कड शाबूत राहिली तर झाड जखम स्वतः झाकतं, डांबर-रंग काही लावायला नको. तारांजवळची फांदी असेल तर हात लावू नका, वीज कंपनीला कळवा. मोठं काही कापायचं असेल तर आधी महानगरपालिकेत परवानगीचं विचारा.

प्रश्न : दोन वर्षांचं केसर आंब्याचं कलम वाऱ्याने आडवं होतं. काठीला तारेने घट्ट बांधलंय, चालेल का?

उत्तर : तार आजच सोडा, सालीत रुतली की झाडाचा गळाच आवळला जातो. दोन बाजूंना दोन काठ्या रोवा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा, तीही खालच्या बाजूला, कारण खोड थोडं डुललं तरच जाड होतं. वर्षभराने आधार काढा. फळं धरली असतील तर या वयात तोडून टाका. 17 मे 2021 ला रात्री तौक्ते चक्रीवादळ सौराष्ट्राच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा केसरची फळांनी लगडलेली मोठमोठी झाडं मुळासकट आडवी झाली होती, तुमचं तर अजून पोरच आहे.

प्रश्न : वडाच्या पारंब्या गेटवर येतात, कापल्या तर झाड कमजोर होईल?

उत्तर : ज्या जमिनीत रुजल्यात त्या मुळीच कापू नका, आडव्या फांद्यांचे ते खांब आहेत. लोंबकळणाऱ्या थोड्या कापल्या तर काही होत नाही. पण गेटच सहा फूट सरकवता येत असेल तर मी गेट सरकवीन. बडोद्याचं नावच मुळी वडावरून आलंय.