फाशी ९४, प्रेतं ९५

प्रश्न : मध्ययुगीन इंग्लंडमधली एखादी खूनकथा वाचायची आहे, पण तिथल्या इतिहासाची मला काहीच माहिती नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : एलिस पीटर्स यांची ‘वन कॉर्प्स टू मेनी’ (१९७९) बिनधास्त हातात घ्या. ब्रदर कॅडफेल या साधूच्या मालिकेतली ही दुसरी, पण पहिली वाचली नसली तरी अडत नाही. ११३५ साली पहिला हेन्री वारला आणि गादीवरून त्याची मुलगी मॉड आणि भाचा स्टीफन यांच्यात जुंपली, एवढं ठाऊक असलं की पुरे. ११३८ मध्ये स्टीफन श्रूजबरीचा किल्ला घेतो आणि ९४ जणांना फासावर चढवतो. वेढा आणि फाशी हा खरा इतिहास आहे. पुढचं लेखिकेचं. प्रेतांची नीट व्यवस्था लावायला मठातला ब्रदर कॅडफेल जातो, मोजतो, तर भरतात ९५! त्या एकाचा कुणीतरी गळा आवळलेला असतो. एवढी माणसं मेली, तिथे आणखी एकाचं काय, असं कॅडफेल म्हणत नाही. थेट राजापुढे जाऊन उभा राहतो. मला हा माणूस त्यासाठीच फार आवडतो.

मग ‘मंक्स-हूड’ (१९८०) घ्या. आपल्या बचनागाच्या कुळातल्या विषारी वनस्पतीचं, दुखऱ्या सांध्यांना चोळायचं तेल त्यात जेवणात कालवलं जातं, आणि ते तेल कॅडफेलनेच बनवलेलं असतं! लेखिका तरुणपणी औषधाच्या दुकानात कामाला होत्या, ते इथे पानोपानी जाणवतं.