रेड ५ मधली चुकीची डिस्क काढली आणि ॲरे बंद पडला. डेटा परत मिळेल का?

बहुतेक मिळेल, पण डिस्क बदलायला आलेल्या त्या पोराला आधी हात लावू देऊ नका.

तुम्ही लिहिलंय ते असं: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, चार डिस्कचा लिनक्स सर्व्हर, त्यावर जॅकार्डची सगळी डिझाइनं. दोन नंबरची डिस्क मेली, बदलायला आलेल्याने तीन नंबरची ओढली. आता तो म्हणतोय, ॲरे नव्याने क्रिएट करू.

रेड ५ म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच साठा (ॲरे) करण्याची पद्धत; ते एक डिस्क गेली तरी चालतं. दुसरी निघाली की थांबतं, पण थांबलं म्हणजे डेटा गेला असं नाही. ओढलेली तीन नंबरची डिस्क चांगलीच आहे, फार तर इतरांपेक्षा जरा मागे. एमडीएडीएम (लिनक्सवर रेड सांभाळणारी आज्ञा) हिचं एक्झामिन चालवलंत की प्रत्येक डिस्कचा इव्हेंट काउंट, म्हणजे ॲरेतल्या बदलांचा मोजणी-आकडा, दिसेल. एक, तीन, चार यांचे आकडे जवळजवळ सारखे असतील, तर त्या तिघींवरच ॲरे असेंबल करायचा, म्हणजे आहे तोच पुन्हा जोडायचा, फोर्स (जबरदस्तीचा पर्याय) लावून. मेलेली दोन नंबरची आणि नवी कोरी, दोन्ही बाजूला ठेवा.

क्रिएटला माझा विरोध का? ते डिस्कवरची ॲरेची जुनी नोंद पुसून नवी लिहितं. डिस्कचा क्रम, चंक (डेटाच्या तुकड्याचा आकार), डेटा ऑफसेट (डेटा कुठून सुरू होतो ती जागा), सगळं तंतोतंत जुळावं लागतं. एमडीएडीएमच्या जुन्या आवृत्त्या स्वतःहून ६४ केबीचा चंक धरायच्या, नव्या ५१२ चा. जुळलं नाही आणि रिसिंक (पॅरिटी पुन्हा काढणं) सुरू झाला, तर खऱ्या डेटावर चुकीची पॅरिटी, म्हणजे हरवलेला डेटा परत काढायची जादा नोंद, लिहिली जाते. मग कुणीही काही करू शकत नाही.

फोर्सच्याही आधी तिन्ही डिस्कच्या डीडीरेस्क्यूने (डिस्कची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञा) प्रती काढा आणि पुढचं सगळं प्रतींवर करा. तेवढ्याच आकाराच्या तीन डिस्क विकत आणाव्या लागतील, मालक कुरकुरतील. डिझाइनं पुन्हा काढायला काय पडेल ते त्यांनाच विचारा. ही कॉपी तासन्‌तास चालते, त्यामुळे यूपीएस हवाच, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये तर हे काम करूच नका. डिस्कवर सिरियल नंबर चिकटवा; लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. ही घोडचूकही बहुधा तशीच झाली असणार.

असेंबल झालं की रीड-ओन्ली माउंट करून (फक्त वाचता येईल असं उघडून) आधी डिझाइनं बाहेर काढा. एफएससीके (फाइल सिस्टिमची तपासणी-दुरुस्ती) नंतर. नवी डिस्क सर्वांत शेवटी जोडा.

इव्हेंट काउंटमध्ये मोठा फरक दिसला तर फोर्स करू नका, आकडे मला कळवा.